पुण्याजवळचा कुंभार

मागच्या वर्षी मामांच्या नाकावरचा एक फोड बरा होईना. सहा महिने त्यांनी तो चष्म्याचा वण म्हणून सोडून दिला. मग मामींनी हळद लावून पाहिली. शेवटी मुलीनं त्यांना जवळजवळ ओढतच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला: बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेच्या कॅन्सरमधला हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार. सहसा शरीरात पसरत नाही, पण जिथे बसतो तिथे कुरतडत राहतो. काढला की बहुतेक वेळा विषय संपतो. प्रश्न फक्त एवढाच होता, की तो काढल्यावर नाकाच्या शेंड्यावर रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा पडणार होता. मग त्या खड्ड्याचं काय करायचं?

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. कपाळाची कातडी उचलायची, पण पूर्ण कापायची नाही. भुवईपाशी एका अरुंद पट्टीनं ती जोडलेलीच ठेवायची. मग फिरवून खाली नाकावर आणायची आणि शिवायची. तीन आठवडे ती पट्टी भुवईपासून नाकापर्यंत पुलासारखी दिसत राहणार. तीन आठवड्यांनी पूल कापायचा.

मामी चित्र बघून गप्पच झाल्या. मामा मूळचे रत्नागिरीकडचे, आंब्याच्या बागेत वाढलेले. ते म्हणाले, "म्हणजे भेटकलमच की हे!"

डॉक्टरबाईंना भेटकलम ठाऊक नव्हतं. पण निघताना त्या म्हणाल्या, "काका, कपाळाच्या या फ्लॅपला जगभर इंडियन फ्लॅप म्हणतात. आणि आमच्या पुस्तकांत त्याची जी सगळ्यात प्रसिद्ध केस आहे ना, ती पुण्याची आहे. पेशवाईतली."

मामा ऑपरेशनच्या विचारात, मामी देवाच्या. आणि मी त्या शेवटच्या वाक्यात अडकलो. पुढचे तीन-चार शनिवार-रविवार त्यातच गेले. म्हणून हा लेख.

आधी थोडं भेटकलमाबद्दल

(कोकणातल्या मंडळींनी हा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल.)

हापूसचं कलम करायचे पूर्वीपासून दोन ढोबळ मार्ग. एक म्हणजे चांगल्या झाडाची काडी कापून आणायची आणि रोपावर बसवायची. काडी झाडापासून तुटलेली असते, त्यामुळे जोड जमेपर्यंत ती कशीबशी तग धरते. दुसरा मार्ग भेटकलमाचा. यात फांदी कापतच नाहीत. रोपच पिशवीसकट उचलून झाडाशी आणतात, दोघांची साल थोडी थोडी तासतात आणि ओल्याला ओलं लावून घट्ट बांधतात. फांदीला आईचा रस मिळत राहतो. दोन-तीन महिन्यांत जोड पक्का झाला, की मग आईकडची बाजू कापायची.

कातडीचंही तसंच. मांडीची पातळ कातडी पूर्ण कापून दुसरीकडे लावली, तर तिला ग्राफ्ट म्हणतात. ती पहिले काही दिवस खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. खाली चांगला रक्तपुरवठा असलेलं मांस हवं. उघडं हाड किंवा उघडी कूर्चा असेल तर ती बहुधा मरते. शिवाय मांडीची कातडी चेहऱ्यावर ठिगळासारखी दिसते ती वेगळीच.

फ्लॅप स्वतःचं रक्त बरोबर घेऊन येतो. एका बाजूनं तो मूळ जागेशी जोडलेला राहतो. त्या जोडाला इंग्रजी वैद्यकात जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ चक्क 'देठ'. देठातून रक्त येत राहतं, दरम्यान नव्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात, आणि सुमारे तीन आठवड्यांत तो नव्या घरी स्वतंत्रपणे जगू लागतो. मग देठ कापायचा. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगायचं तर हे चालू सर्व्हर बंद न करता दुसरीकडे हलवण्यासारखं आहे. जुनी लाइन नवी लाइन तपासून झाल्याशिवाय तोडायची नाही. लवकर तोडलीत तर सगळंच गेलं.

हे तत्त्व लक्षात ठेवा आणि आता 1793 सालात चला.

बैलं हाकणाऱ्याचं नाक

तिसरं म्हैसूर युद्ध 1790 ते 1792 चाललं. एका बाजूला टिपू सुलतान, दुसऱ्या बाजूला इंग्रज, निजाम आणि मराठे. मराठ्यांकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन गेले होते. युद्ध म्हटलं की आपल्याला तोफा आणि घोडे आठवतात, पण हे सगळं चालायचं बैलांवर. तोफा बैल ओढायचे, धान्य बैलांच्या पाठीवरून यायचं. मे 1791 मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला होता, पण बैल मेले, रसद संपली, आणि त्याला स्वतःच्याच जड तोफा फोडून मागे फिरावं लागलं. त्यामुळे बैल हाकणारा माणूस हा शत्रूच्या दृष्टीनं साधासुधा मजूर नव्हता. त्याला असा धडा द्यायचा, की पुन्हा कोणी इंग्रजांची बैलं हाकायला धजणार नाही.

असा एक मराठा बैलवाला टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. पुढे तो मुंबईच्या इंग्रज फौजेत येऊन मिळाला आणि कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आहे. नाव पारशी वाटतं, पण तेच कागद त्याला मराठा, शेतकरी जातीचा म्हणतात. मला वाटतं तो कावजी असावा. कावजी हे आपल्याकडचं जुनं नाव आहे (शिवाजी महाराजांच्या वेळचे कावजी कोंढाळकर आठवा), आणि इंग्रजी कानाला मुंबईतल्या कावसजींची सवय. या लेखात मी त्याला कावजीच म्हणणार आहे.

नाक गेलं म्हणजे काय गेलं हे मराठी माणसाला समजवायला नको. आपल्या भाषेत नाक कापलं जातं तेव्हा कातडी जातच नाही, अब्रू जाते. शूर्पणखेचं नाक जिथे कापलं, त्या जागेला नाशिक म्हणतात अशी कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. देशभर शेकडो वर्षं नाक कापणं ही चोराला, फितुराला, आणि फार करून संशय घेतलेल्या बायकोला द्यायची शिक्षा होती. हात गेलेल्या माणसाची लोक कीव करतात. नाक गेलेल्याकडे बघून लोक मनात एक प्रश्न विचारतात: यानं काय केलं असेल? कावजीनं तर नोकरी केली होती, बाकी काही नाही.

वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं.

पंचवीस दिवस

ही हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. सोबत कावजीचं चित्र. चित्र जानेवारी 1794 मधलं, ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी काढलेलं, म्हणजे ऑपरेशन झालं साधारण मार्च 1793 मध्ये. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूझो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी असं ऑपरेशन होताना स्वतः पाहिलं होतं. त्यांनी पाहिलेल्या पायऱ्या मासिकात एकामागून एक दिल्या आहेत. मी त्या मामांच्या ऑपरेशनच्या कागदांशेजारी ठेवून वाचल्या.

पहिली पायरी मेणाची. मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवून चांगलं दिसेल असं नाक घडवायचं. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्याभोवती रेघ मारायची. नाक उंच-सखल, कपाळ सपाट. किती कातडी लागेल आणि कुठल्या आकाराची, हे नजरेनं ठरवणं अवघड आहे. म्हणून आधी नाक घडवा, मग उलगडा. थ्री-डी ग्राफिक्स करणारे लोक आज सॉफ्टवेअरमध्ये हेच करतात. आणि डॉक्टरबाईंनी मामांचा साचा कशाचा केला माहितीये? टाके ज्या पाकिटात येतात, त्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा! सगळीकडे सर्रास असंच करतात म्हणे.

दुसरी पायरी, रेघेवरून कातडी सोलून काढायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवायची. हाच तो देठ. आज आपल्याला माहीत आहे, की भुवईच्या आतल्या टोकापाशी एक धमनी वर कपाळात चढते आणि या सगळ्या कातडीला रक्त पुरवते. म्हणूनच बोटाएवढ्या रुंदीच्या देठावर अख्खं कपाळ जगू शकतं.

तिसरी, नाकाच्या थोटकावरचा जुना, बरा झालेला व्रण तासून पुन्हा ओला करायचा, आणि त्याच्या कडेनं वरच्या ओठापर्यंत खाच पाडायची. कातडीची कड त्या खाचेत बसते. सालीला साल चिकटत नाही, ओल्याला ओलंच लागतं. मामांनी हे वाचलं तेव्हा मांडीवर थाप मारली.

चौथी पायरी मला सगळ्यात हुशारीची वाटते. कातडी कपाळावरून नुसती पान उलटावं तशी खाली आणली, तर बाहेरची बाजू आत जाईल आणि रक्ताळलेली बाजू बाहेर येईल. म्हणून तिला देठापाशी अर्धा पीळ द्यायचा. पण पीळ दिला की रक्तवाहिनी मुडपते. नळीला पीळ पडला की पाणी बंद, तसं. देठ जाड ठेवला तर पीळ बसत नाही, बारीक केला तर रक्त पुरत नाही. किती रुंद ठेवायचा याचं माप त्या माणसाच्या हातात होतं.

टाके नाहीतच. काताचा लेप कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. कात म्हणजे तोच, विड्यातला, खैराच्या झाडाचा. तुरट असतो, वाळला की आवळून धरतो. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, भोकं मिटू नयेत म्हणून. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा.

पंचविसाव्या! मामांच्या फाइलमध्ये दुसऱ्या ऑपरेशनची तारीख बाविसाव्या दिवसाची होती. रक्तवाहिन्या नव्या जागेतून आत कधी शिरतात हे आज सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. त्या माणसाकडे काय होतं? त्याच्याकडे होती आधीची नाकं. त्याच्या आधी कोणीतरी दहाव्या दिवशी देठ कापला असणार, आणि नाक काळं पडून गळालं असणार. कोणीतरी पंधराव्या दिवशी कापून पाहिला असणार. पंचवीस या आकड्यामागे किती फसलेली नाकं आहेत, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. आणि हे सगळं भुलीशिवाय. इथरची भूल जगात आली 1846 मध्ये.

नावं कोणाची राहिली

आता एक यादी करू. या एका ऑपरेशनशी संबंधित कोणाकोणाची नावं आपल्याला माहीत आहेत?

रोग्याचं नाव माहीत आहे, मोडकंतोडकं का होईना. ज्यानं नाक कापायला लावलं तो टिपू तर इतिहासात आहेच. ज्यांनी अशी ऑपरेशनं नुसती उभं राहून पाहिली, ते क्रूझो आणि फिंडले माहीत आहेत. चित्र काढणारा जेम्स वेल्स माहीत आहे. हाच तो स्कॉटिश चित्रकार, ज्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं प्रसिद्ध चित्र काढलं. मासिकाला पत्र पाठवणाऱ्यानंसुद्धा बी. एल. अशी दोन अक्षरं मागे ठेवली.

आणि ज्यानं नाक केलं तो? 'पुण्याजवळचा, विटा करणाऱ्यांच्या जातीचा एक माणूस.' बस्स. गाव नाही, नाव नाही. म्हणजे आपल्या भाषेत कुंभार.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इंग्रजांचा राग आला. दोन शिकलेली माणसं समोर उभी राहून सगळं टिपून घेतात, कातापासून तुपापर्यंत, आणि एक साधं नाव विचारत नाहीत. पण मग विचार केला, की ते निदान पाहायला तरी गेले. पुणं त्या वेळी हिंदुस्थानातल्या सगळ्यात जास्त कागद लिहिणाऱ्या शहरांपैकी एक होतं. पेशवे दफ्तरात कोणाला किती तूप दिलं, कोणाच्या घोड्याला किती दाणा लागला, याच्या नोंदी आहेत. माणसाला नाक परत देणारा कारागीर शहराच्या हाकेच्या अंतरावर होता, आणि आपल्याला त्याची ओळख होते ती लंडनच्या मासिकातून.

सुश्रुताचे दोन पंख

इथपर्यंत वाचून काही जणांची बोटं शिवशिवत असतील: "अरे, सुश्रुताचं काय?" बरोबर आहे. फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येणारा तो फॉरवर्ड मलाही येतो. आणि त्यातला गाभा खरा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कापलेलं नाक जोडायची रीत दिली आहे. त्याच अध्यायात तुटलेल्या कानाच्या पाळीसाठी गालाचं मांस वापरायला सांगताना ते मांस 'सानुबंध' आणि जिवंत असावं असं म्हटलं आहे. सानुबंध! म्हणजे संबंध न तोडलेलं. देठासाठी याहून सुंदर शब्द मला माहीत नाही. आपण अनुबंध हा शब्द लग्नपत्रिकांत आणि मालिकांच्या नावांत खर्च करून टाकला आहे. त्याच्या आत रक्तवाहिनी होती.

पण नीट वाचलं तर सुश्रुताचं नाक आणि कुंभाराचं नाक एक नाहीत. सुश्रुत माप झाडाच्या पानानं घेतो, कुंभार मेणानं. सुश्रुत कातडी गालाची घेतो, कुंभार कपाळाची. सुश्रुत श्वासासाठी नळ्या घालतो, कुंभार कापडाच्या वाती. सुश्रुताचं औषध ज्येष्ठमधाची वगैरे पूड आणि तिळाचं तेल, कुंभाराचं कात आणि तूप.

गालावरून कपाळावर जाणं ही छोटी गोष्ट नाही. कपाळाची कातडी रंगानं, जाडीनं नाकाला जास्त जुळते. रक्तपुरवठा भरवशाचा आहे. आणि गाल ओढला गेला की डोळा आणि ओठ वेडेवाकडे होऊ शकतात, कपाळाचा व्रण मात्र काळाबरोबर फिका पडतो. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी, बहुधा अनेकांनी, पद्धत सुधारली. आमच्या भाषेत बोलायचं तर पहिलं व्हर्जन हातात आहे, शेवटचं चालू व्हर्जन हातात आहे, आणि मधली अख्खी कमिट हिस्टरी गायब.

का गायब? याचं उत्तर गंमत म्हणजे सुश्रुतानंच देऊन ठेवलंय. तो म्हणतो, की नुसतं शास्त्र शिकलेला आणि नुसतं काम शिकलेला, दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे. त्यानं विद्यार्थ्यांना कोहळा, भोपळा, काकडी कापून हात बसवायला सांगितलं, प्रेत उघडून पाहायला सांगितलं. पुढे रक्ताला, प्रेताला हात लावणं विटाळाचं झालं. ग्रंथाचा पंख वैद्यांच्या घरात राहिला, हाताचा पंख कुंभाराच्या. ग्रंथवाले पाठांतर करत राहिले आणि त्यांच्या पाठांतरात गाल कधी कपाळ झाला नाही. हातवाले सुधारत राहिले, आणि लिहायला त्यांना कोणी शिकवलं नाही.

त्यामुळे तो फॉरवर्ड आला की मला अर्धवट वाटतो. अभिमान जरूर धरावा. पण सुश्रुतावर उडी मारून थेट लंडनला पोचताना मधल्या ज्या माणसाच्या खांद्यावर आपण पाय देतो, तो कुंभार आहे, आणि त्याला आपण ओसरीवर तरी बसू दिलं असतं का, हा प्रश्न त्या फॉरवर्डमध्ये नसतो.

लंडन, बर्लिन, इंदूर

पुढची गोष्ट भराभर सांगतो. युरोपला नाक नवं नव्हतं. बोलोन्याच्या ताल्याकोत्सीनं 1597 मध्ये दंडाची कातडी वापरून नाक करायच्या पद्धतीवर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याच्या शीर्षकातही झाडाचं कलम करणं या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे मामा एकटे नाहीत. पण त्या पद्धतीत हात कित्येक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागे, आणि पुढे ती मागे पडली.

जंटलमन्स मॅगझिनमधल्या त्या हकिकतीवर लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं कित्येक वर्षं विचार केला. भारतात राहून आलेल्यांकडे चौकश्या केल्या, प्रेतांवर सराव केला. 23 ऑक्टोबर 1814 रोजी त्यानं एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक कपाळाच्या कातडीनं केलं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा शेजारी उभा असलेला रोग्याचा मित्र थक्क होऊन ओरडला, की देवा, खरंच नाक आहे! दुसरं ऑपरेशन 1815 मध्ये. 1816 मध्ये कार्प्यूनं दोन्हींवर पुस्तक छापलं. 1818 मध्ये बर्लिनच्या फॉन ग्रेफंनं नाकावरच्या आपल्या ग्रंथाच्या नावातच 'प्लास्टिक' शब्द घातला, आणि त्यातून पुढे प्लास्टिक सर्जरी हे नाव रुळलं.

या शब्दाचं मूळ ग्रीक. अर्थ: माती मळून आकार देणं. कुंभाराचं काम!

कुंभाराच्या नाकात एक उणीव होती. बाहेरून कातडी, आतून अस्तर नाही. उघडी जखम आतून आकसत जाते आणि नाकही बरोबर आत ओढलं जातं. या उणिवेवर मोठं काम पुन्हा भारतातच झालं. इंदूरच्या रेसिडेन्सीत कीगन नावाचा सर्जन होता. त्यानं नाकाच्या थोटकावर उरलेली कातडी बिजागरीसारखी खाली दुमडून तिचं अस्तर केलं आणि वरून कपाळाचा फ्लॅप घातला. 1900 मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं. त्याच काळात जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी 1889 मध्ये शंभर नाकांचा अहवाल छापला. शंभर! त्यांच्याकडे येणाऱ्यांत दरोडेखोरांनी नाकं कापलेले लोक होते, आणि नवऱ्यांनी नाकं कापलेल्या बायका होत्या. टिपूची लढाई दोन वर्षांत संपली, ही लढाई घरोघरी चालू होती.

पुन्हा पुण्याजवळ

कावजीनंतर साधारण एकशे साठ वर्षांनी पुण्याजवळच कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात एक तरुण सर्जन काम करायला लागला. डॉ. नोशीर अंटिया. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकलेले. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांचे चेहरे पुन्हा उभे करणारे, आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे आजोबाच म्हणा. अंटियांना परदेशात किंवा मुंबईत पैसेवाले चेहरे सहज मिळाले असते. त्यांनी निवडले कुष्ठरोग्यांचे.

कुष्ठरोगात नाक कापलं जात नाही, ते आतून खचतं. अस्तर आणि कूर्चा जाते, बाहेरची कातडी राहते. रोग बरा झाला तरी खचलेलं नाक सगळ्या गावाला ओरडून सांगत राहतं. कावजीचाच प्रश्न पुन्हा: यानं काय केलं असेल? अंटियांनी गिलीजकडे शिकलेली आतून अस्तर घालायची पद्धत इथे वापरली. पुढे मुंबईच्या जेजे रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. 1967 मध्ये त्यांनी आणि बुच यांनी कानाची कड गेली तर ती भरून काढायचा एक फ्लॅप प्रसिद्ध केला. कानाची उरलेली कड कूर्चेसकट मोकळी करायची, मागची कातडी मात्र जोडलेली ठेवायची (सानुबंध!), आणि दोन्ही टोकं सरकवून एकमेकांना भेटवायची. जगभर सर्जन आजही तो 'अंटिया-बुच फ्लॅप' या नावानं करतात. या वेळी नाव राहिलं.

पण मला अंटियांची खरी मोठी गोष्ट वेगळी वाटते. सत्तरच्या दशकात त्यांनी अलिबागजवळ मांडव्याच्या परिसरात गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवायला सुरुवात केली. त्यातल्या पुष्कळ जणी जेमतेम शिकलेल्या. डॉक्टरांच्याच हातात राहायला हवं असं मानलं जाणारं पुष्कळसं काम या बायका व्यवस्थित करतात, हे त्यांना दिसलं, आणि ते त्यांनी 2007 मध्ये जाईपर्यंत बोलून, लिहून, भांडून सांगितलं. गिलीजच्या हाताखाली तयार झालेला सर्जन, आणि त्याचा विश्वास शेवटी बसला तो न शिकलेल्या हातांवर. त्या कुंभाराचं नाव आपल्याला कधी मिळणार नाही. पण त्याच्यासारख्या हाताला ज्ञान असू शकतं हे मान्य करणारा एक डॉक्टर इथे होऊन गेला.

बाविसावा दिवस

मामांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरबाईंनी खड्डा भरायच्या आधी तो चक्क थोडा मोठा केला. नाकाचे ठरलेले भाग असतात: शेंडा, कणा, नाकपुड्यांच्या कडा. एका भागाची निम्म्याहून जास्त कातडी गेली असेल, तर तो भाग पूर्णच बदलायचा, म्हणजे जोड नैसर्गिक वळणावर पडतो आणि डोळ्याला दिसत नाही. ही कल्पना 1985 मधली, बर्गेट आणि मेनिक या अमेरिकन सर्जनांची. कुंभाराला ती पटली असती असं मला उगाचच वाटतं. मडक्याला ठिगळ लावत नाहीत.

तीन आठवडे मामा त्या पुलासह घरात बसून होते. पहिला आठवडा कोणाला भेटले नाहीत, आरशावर टॉवेल. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या पोरानं दारातून विचारलं, "आजोबा, हत्ती झालात का?" मामा हसले, टाके ओढले गेले म्हणून ओरडले, आणि टॉवेल काढला.

बाविसाव्या दिवशी देठ कापला. आता जवळून बघितलं तरच कळतं. कपाळावर एक फिकट उभी रेघ आहे, आणि नाकाच्या शेंड्यावर कपाळाची कातडी. एक-दोन बारीक केससुद्धा उगवतात तिथे, कारण कातडीला वाटतं आपण अजून केसांच्या रेषेजवळच आहोत. मामा ते मामींच्या भुवयांच्या चिमट्यानं उपटतात आणि मामी चिडतात.

मी त्यांना कावजीचं चित्र दाखवलं. डोक्याला मुंडासं, कपाळावर वण, नाक जरा जाड पण नाकच. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "कलम करणाऱ्या आमच्या गड्याचंही आडनाव मला आठवत नाही बघ. झाडं आहेत अजून."

असो. खूपच लांबलं. पुढच्या रविवारी काहीतरी छोटं लिहीन म्हणतो.